खाडीत रात्रीचा दिवा आणि किडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडी, घोडबंदर-कोलशेतकडचं उल्हासचं पात्र आणि बेलापूर-पनवेलकडची खाडी, या पट्ट्यात छोट्या बोटी चालवणाऱ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. बहुतेक बोटी १२ मीटरच्या आतल्या, इंजिन पेट्रोलचं किंवा डिझेलचं, दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर. उत्तरंही त्याच मापाची आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे क्रमांक दिला आहे.

१. दिवा लावला की किडे येतातच कशाला? त्यांना उजेड आवडतो का?

आवडीनिवडीचा संबंध नाही. उडणारे बहुतेक किडे पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे पाठ आकाशाकडे म्हणजे उडणं सरळ, हा हिशेब त्यांना एरवी पुरतो. जवळ दिवा असला की पाठ दिव्याकडे वळते आणि किडा त्याभोवती गरगरत राहतो. दिव्याच्या वर गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो, म्हणजे तुमच्या चहात. वेगवान कॅमेऱ्याने टिपलेलं हे निरीक्षण २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आलं आहे.

बोटवाल्याने यातून घ्यायचं ते एवढंच: किडा फार लांबून ओढला जाण्यापेक्षा जवळून जाताना अडकतो. म्हणून तोच दिवा तिवरांच्या कडेला वैताग आणतो आणि खाडीच्या मधोमध निम्मासुद्धा त्रास देत नाही.

२. कोणत्या रंगाच्या दिव्याला किडे कमी येतात?

बहुतेक किड्यांच्या डोळ्यांना अतिनील, निळा आणि हिरवा उजेड दिसतो. सर्वांत तीव्र ओढ अतिनीलची (साधारण ३५० नॅनोमीटरच्या आसपास), मग निळ्याची, मग हिरव्याची. ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल रंग बहुतेकांना जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे उतरता क्रम असा लागतो: जुने पाऱ्याचे दिवे आणि सीएफएल सगळ्यांत वाईट, कारण त्यांतून थोडा अतिनील उजेडही निघतो. मग ‘कूल डे लाइट’ एलईडी (६५०० केल्विन), ज्यात अतिनील नसतो पण ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा उंचवटा असतो. मग ‘वॉर्म व्हाइट’ (२७०० केल्विन). मग अंबर, म्हणजे ५९० नॅनोमीटरच्या जवळचा नारिंगी-पिवळा. शेवटी लाल.

रंगाइतकाच उजेडाचा जोरही मोजायचा. चाळीस वॉटच्या अंबर फ्लडलाइटला तीन वॉटच्या वॉर्म व्हाइटपेक्षा जास्त किडे येऊ शकतात. लोक रंग बदलतात आणि वॉट वाढवतात, मग म्हणतात काही फरक पडला नाही.

३. दुकानात नेमकं काय मागायचं?

‘किडे न येणारा बल्ब’ मागू नका, दुकानदार पिवळ्या काचेचं काहीही काढून देईल. ट्रकच्या बाजूला लावतात ते १२/२४ व्होल्टचे सीलबंद अंबर एलईडी मागा. मोटार-ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतात, स्वस्त असतात, पाऊस आणि हादरे सोसायलाच बनवलेले असतात. आयपी६७ (धूळ-पाणी आत शिरत नसल्याची खूण) लिहिलेलं असेल तर उत्तम. घरगुती पद्धतीचा दिवा हवाच असेल तर लोहार चाळीत १२ व्होल्टचे २७०० केल्विनचे बल्ब मिळतात. २२० व्होल्टचा बल्ब आणि इन्व्हर्टर हा खेळ ओल्या बोटीत करू नका.

खरा अंबर ओळखायची सोपी खूण: दिवा लावून त्याचं प्रतिबिंब जुन्या सीडीच्या मागच्या चकचकीत बाजूत पाहा. निळा-हिरवा पट्टा दिसला तर आत पांढराच एलईडी आहे, वर फक्त रंगीत प्लास्टिक. नुसता पिवळा-नारिंगी दिसला तर खरा.

४. मग बोटीवरचे सगळेच दिवे अंबर किंवा लाल केले तर कटकट संपेल ना?

किड्यांची संपेल, दुसरी सुरू होईल. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बोटीवर दोन प्रकारचे दिवे असतात: तुम्हाला दिसावं म्हणून लावलेले, आणि तुम्ही दिसावेत म्हणून लावलेले. पहिल्या प्रकाराचा रंग तुमच्या मर्जीचा. दुसऱ्याचा रंग, जागा आणि कोन ठरलेले आहेत, ते समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी. बंदरातली माणसं त्यांना ‘कॉलरेग’ म्हणतात. समुद्राला जोडलेल्या आणि समुद्रात जाणाऱ्या बोटी चालतात अशा पाण्यालाही ते लागू आहेत, आणि आपली खाडी त्यातच येते.

लाल दिवा म्हणजे समोरच्या बोटीची डावी बाजू. तुम्ही नांगर टाकून चौफेर लाल दिवा लावून बसलात तर लांबून येणारा तांडेल (बोट चालवणारा) समजणार की एक बोट आडवी चालली आहे आणि तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. तो त्या हिशेबाने सुकाणू फिरवणार. पिवळा लुकलुकता दिवा हॉवरक्राफ्टचा असतो, आणि पर्ससीनवाले (गोल जाळ्याने मासे वेढून पकडणारे) दोन पिवळे आळीपाळीने लुकलुकवतात. म्हणजे तिथेही मोकळीक नाही.

पांढऱ्या दिव्याला पिवळा जिलेटिन कागद गुंडाळणं हा याचाच धाकटा भाऊ. रंग बिघडतो, शिवाय उजेड घटतो आणि दिवा ठरलेल्या अंतरावरून दिसत नाही. केबिनमधल्या दिव्याला हवा तर गुंडाळा.

५. माझ्या छोट्या बोटीला रात्री कोणते दिवे लागतात?

१२ मीटरच्या आतली इंजिनाची बोट चालती असेल तर डोलकाठीवर एक चौफेर पांढरा दिवा आणि बाजूचे दोन: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. डोलकाठीचा आणि पिछाडीचा असे दोन पांढरे दिवे वेगळे लावण्याऐवजी एकच चौफेर चालतो. पांढरा निदान २ सागरी मैलांवरून (साधारण पावणेचार किलोमीटर) आणि बाजूचे १ मैलावरून दिसले पाहिजेत.

बोट ७ मीटरच्या आतली असेल आणि तिचा वेग कधीच ७ नॉटच्या (ताशी १३ किलोमीटर) वर जात नसेल, तर नुसता चौफेर पांढरा चालतो; बाजूचे शक्य असतील तर लावायचेच. आजकाल होडीलाही चांगल्या ताकदीचं इंजिन बसतं, त्यामुळे ही सवलत फार थोड्यांना लागू पडते.

वल्ह्यावरच्या होडीला दिवे बसवलेले नसले तरी पांढरी टॉर्च किंवा पेटता कंदील हाताशी हवा, आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवायला हवा. टॉर्च फळीखालच्या डब्यात असेल तर ती हाताशी नसते.

वेळ सूर्यास्त ते सूर्योदय. ‘अजून दिसतंय की’ हे नियमात बसत नाही.

६. पण त्या चौफेर पांढऱ्या दिव्यावरचे किडे थेट डोक्यावर गळतात. त्याचं काय?

रंग बदलता येत नाही, जागा बदलता येते. दिवा डोक्याच्या पातळीला असेल तर किड्यांचं भोवऱ्यासारखं फिरणं तुमच्या तोंडाभोवतीच चालणार. तोच दिवा पिछाडीच्या काठीवर चढवला की किडे वरच अडकून राहतात आणि खाली बसलेल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. नियमालाही हेच हवं आहे: हा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान १ मीटर वर असला पाहिजे. वर चढवलेला पांढरा दिवा किड्यांचं गिऱ्हाईक स्वतःकडे घेतो आणि खालचा अंबर मोकळा राहतो.

दुसरा उपाय म्हणजे दिव्याच्या खाली काळी रंगवलेली गोल थाळी. तिच्यामुळे उजेड सरळ खाली बोटीत पडत नाही, किडे खाली येत नाहीत आणि तांडेलाच्या डोळ्यांवर चमकही येत नाही. मात्र थाळी फार मोठी केली तर लांबच्यालाही दिवा दिसणार नाही. क्षितिजाच्या साडेसात अंश वर आणि तितकंच खाली उजेड पोहोचला पाहिजे. सुताराचं माप सांगायचं तर थाळीची कड दिव्यापासून जितकी बाहेर, त्याच्या निदान चौथ्या हिश्श्याइतका दिवा थाळीच्या वर ठेवा. कड १२ सेंटिमीटर बाहेर असेल तर दिवा ३ सेंटिमीटर वर. यात डुलण्यालाही जागा राहते.

दिव्याच्या समोर डोलकाठी, छपराचा पाइप किंवा उभा माणूस येत नाही ना, हे धक्क्यावर उतरून चौफेर फिरून एकदा पाहा.

७. गळ टाकून नांगरावर बसतो तेव्हा दिवा बंद ठेवला तर चालेल का? किडे येणारच नाहीत.

५० मीटरच्या आतल्या नांगरलेल्या बोटीला एक चौफेर पांढरा दिवा पुरतो. बाजूचे दिवे तेव्हा बंद करायचे, कारण ते बोट चालती असल्याची खूण आहेत. ७ मीटरच्या आतल्या बोटीला तो दिवाही माफ आहे, पण एका अटीवर: ती चिंचोळ्या मार्गात, बोटींच्या रस्त्यात, नांगरण्याच्या जागेत किंवा त्यांच्याजवळ नसावी, इतर बोटी जिथून नेहमी ये-जा करतात तिथेही नसावी.

आता ठाणे खाडीत अशी जागा शोधून दाखवा. ओहोटीला दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतो आणि जे पाणी उरतं तोच सगळ्यांचा रस्ता असतो. त्यामुळे ही सवलत कागदावर आहे असं समजा आणि दिवा ठेवा.

वाशीच्या पुलांजवळ तर दिवा असूनही भागत नाही. मागे पुलाचे, पाम बीच रोडचे आणि इमारतींचे इतके पांढरे ठिपके असतात की तुमचा ठिपका त्यांत हरवतो. तिथे अंबरने बोटीचा आतला भाग थोडा उजळलेला ठेवला तर बोटीचा आकार दिसतो. मात्र बाहेरून अंबरचा बल्ब दिसता कामा नये, नुसता उजळलेला पृष्ठभाग दिसावा.

८. अंबर लावला, पतंग गेले, पण डास तेवढेच. फसवणूक झाली का?

नाही. डास दिव्याच्या मागे येत नाहीत, तुमच्या मागे येतात. मादी डासाला लांबून कळतो तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड, जवळ आल्यावर घामाचा वास आणि अंगाची ऊब. दिव्याचा रंग बदलून पतंग, पाकोळ्या, तुडतुडे आणि न चावणारी चिलटं कमी होतात. डासांसाठी वेगळी तयारी लागते, ती ९ मध्ये.

दिव्याभोवती ढगासारखी घोंघावणारी बारीक चिलटं पाहून लोक घाबरतात. डासासारखी दिसणारी, हिरवट-करडी, भिंतीवर निवांत बसणारी ती बहुतेक न चावणारीच असतात. त्यांच्या अळ्या खाडीच्या आणि नाल्यांच्या गाळात वाढतात. घाण पाणी त्यांना मानवतं, म्हणून आपल्याकडे त्यांची चंगळ आहे.

९. डासांसाठी बोटीवर खरोखर काय चालतं?

आधी पंखा. डास उडण्यात कच्चा असतो, चालणाऱ्या माणसापेक्षाही त्याचा वेग कमी. १२ व्होल्टचा छोटा पंखा पायांवर सोडला की तो उतरू शकत नाही, शिवाय श्वासाचा वास पांगतो. चालत्या बोटीवर डास नसतात आणि नांगर टाकताच येतात, त्याचंही कारण वारा. म्हणून नांगरताना तिवरांच्या आडोशाला न जाता मोकळ्या वाऱ्यात थांबा.

मग कपडे: सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. घट्ट टी-शर्टमधून डास आरामात चावतो. मग अंगाला लावायचं मलम. ओडोमॉससारखं घरचं मलम चालतं. जास्त वेळासाठी डीट किंवा पिकारिडिन असलेलं घ्या. डीट काही प्लास्टिक आणि व्हार्निश खातं. हात पुसल्याशिवाय चष्म्याची काच, मोबाइलचं कव्हर किंवा दिव्याच्या काचा हाताळू नका. मलम लावलेल्या हाताने आमिष गळाला लावलं तर मासा काय म्हणतो ते गळवाल्यांना विचारा.

सिट्रोनेला, गवती चहाचं तेल वगैरेंचा असर थोडा वेळ असतो आणि उघड्या बोटीवर वारा तो घेऊन जातो.

१०. कॉइल, धुरी किंवा डासांची रॅकेट बोटीवर वापरू का?

पेट्रोलची टाकी किंवा कॅन असलेल्या बोटीवर तिन्ही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते, आणि कॉइल लोक नेमकी तळाशीच ठेवतात. रॅकेटमध्ये तर दर डासाला एक ठिणगी. कडुनिंबाचा पाला किंवा नारळाची सोडणं जाळून धुरी करण्याची जुनी रीत धक्क्यावर ठीक आहे, डोळे चुरचुरले तरी. फायबरच्या बोटीत विस्तव नेऊच नका. फायबर पेटलं की विझवणं कठीण, आणि धूर भयंकर असतो.

डिझेल बोटीवर धोका कमी, पण बंद केबिनमध्ये कॉइल लावून झोपणं फुप्फुसांसाठी वाईटच.

११. निळ्या दिव्याचं किडे मारायचं यंत्र? आणि मोबाइलचं डास पळवणारं ॲप?

यंत्राचा अतिनील दिवा आसपासचे किडे गोळा करतो, म्हणजे तुम्ही जे टाळताय तेच. आणि मरतात ते निरुपद्रवी. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये १९९६ साली अशा यंत्रांत मेलेले किडे मोजले गेले: १३,७८९ पैकी चावणारे फक्त ३१. ॲप आणि ‘अल्ट्रासोनिक’ डब्या यांचा डासांवर काही परिणाम होत नाही.

१२. एलईडीवर बंदी आहे म्हणतात. मग बोटीला एलईडी दिवे लावले तर दंड होईल का?

बंदी एलईडी बल्बवर नाही, प्रखर उजेडाने मासे गोळा करून पकडण्यावर आहे. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने अशी मासेमारी बंद केली. राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा, त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाली. दिशादर्शक दिवे, केबिनचा दिवा, जाळं ओढताना लागणारा उजेड यांचा त्याच्याशी संबंध नाही.

घोटाळा होतो तो बाहेर, पाण्याकडे तोंड करून लावलेल्या फ्लडलाइटने. तुमचा हेतू फक्त दोर बघण्याचा असेल, पण तपासणीला आलेल्या माणसाला दिसतो तो पाण्यावर पडलेला उजेडाचा पट्टा, मोठा जनरेटर आणि जाळं. दिवे आत, खाली तोंड करून, कमी वॉटचे ठेवा. किड्यांसाठीही तेच बरं.

१३. जाळं टाकलेलं असताना वेगळे दिवे लागतात का? आणि गळाला?

जाळ्याने मासेमारी चालू असेल तर वर लाल, खाली पांढरा, दोन्ही चौफेर. ट्रॉल (बोटीमागून ओढायचं जाळं) ओढणाऱ्याला वर हिरवा, खाली पांढरा. बोट पाण्यातून पुढे सरकत असेल तर बाजूचे आणि पिछाडीचे दिवेही. जाळं बोटीपासून आडवं १५० मीटरपेक्षा लांब गेलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा.

गळ टाकून बसणारा, किंवा गळ मागे सोडून सावकाश बोट फिरवणारा, नियमांच्या भाषेत ‘मासेमारी करणारी बोट’ नसतो, कारण त्याच्या वळण्यावर बंधन येत नाही. त्याला प्रश्न ५ आणि ७ मधलेच दिवे. रविवारी हौसेने जाणारे काही जण लाल-पांढरा लावून वाटेवर हक्क दाखवतात; तसं करू नका.

१४. पिवळ्या उजेडात म्हावरं निवडताना ताजं-शिळं कळत नाही. काय करावं?

बरोबर आहे, अंबरखाली कल्ल्यांचा लाल रंग कळतच नाही आणि लाल दिव्याखाली तर सगळेच कल्ले सारखे. कोळंबीवरची काळी झाक, चिंबोरीच्या पाठीचा रंग, काहीच खरं दिसत नाही. निवडण्याच्या टोपलीवर एक वेगळा वॉर्म व्हाइट दिवा ठेवा, खाली तोंड करून, डब्याच्या आवरणात, आणि हाताशी बटण. काम झालं की बंद. किडे जमायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात टोपली उरकते. निवडलेल्या मासळीवर ओलं गोणपाट टाका, म्हणजे पडलेला किडा आत जात नाही.

गुंतलेला दोर सोडवणं, इंजिनाची दुरुस्ती, जखम पाहणं यांनाही हाच पांढरा दिवा लागतो. लाल उजेडात रक्त दिसत नाही.

१५. हेडलॅम्प लावला की किडे डोळ्यांत जातात.

दिवा कपाळावर म्हणजे किड्यांची जत्रा भुवयांवर. तोच पट्टा गळ्यात किंवा छातीवर बांधा, किंवा हेडलॅम्पचा लाल मोड वापरा. लालचा आणखी एक फायदा: अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने तो वाया जातो, मंद लालने जात नाही. समोरून येणाऱ्या बोटीच्या तांडेलाच्या तोंडावर हेडलॅम्प मारणं हा आपल्या खाडीतला नित्याचा अपराध आहे. बोलताना मान खाली घाला.

१६. बॅटरी किती मोठी लागेल?

चौफेर पांढरा २ वॉट, बाजूचे मिळून ३, आतले दोन अंबर मिळून ५: झाले १० वॉट. १२ व्होल्टला सुमारे ०.८ अँपियर. सहा तासांना ५ अँपियर-तास. ॲसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून १० लागतात, तुम्ही १२ ची घ्या. १० वॉटचा पंखाही सहा तास चालवायचा तर दुप्पट. इंजिन चालू करायची बॅटरी यात धरू नका, ती वेगळीच ठेवा. जुने २५ वॉटचे तारेचे बल्ब असतील तर एकच बल्ब २ अँपियर खातो. आधी ते बदला.

प्रत्येक तारेला बॅटरीजवळ फ्यूज हवा. खारी हवा तांब्याची तार आतून हिरवी करते, म्हणून कथिलाचा मुलामा असलेली तार घ्या आणि जोड उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद करा. नुसती काळी टेप एका पावसाळ्यात सुटते.

१७. एलईडी लावल्यापासून व्हीएचएफवर (बोटीच्या रेडिओवर) खरखर येते.

स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरचा गोंगाट. एकेक दिवा बंद करून दोषी शोधा आणि बदला. अँटेनाच्या तारेपासून दिव्यांच्या तारा लांब न्या. डोलकाठीच्या टोकाला दिवा आणि अँटेना शेजारी असतील तर दिवा चांगल्या कंपनीचाच हवा. संकटात मदत मागायची वाट तीच आहे.

१८. कोणत्या रात्री त्रास जास्त असतो?

अंधारानंतरचे पहिले दोन-तीन तास. अमावास्येच्या आसपास जास्त, कारण चांदणं नसताना तुमचा दिवा एकटाच उजळ असतो, पौर्णिमेला कमी. अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी तिवरांत वरपर्यंत शिरतं आणि बोटीही कडेला जातात, म्हणजे दोन्हीकडून मार. उकाड्याच्या, वारा पडलेल्या, पाऊस येऊ घातलेल्या रात्री सगळ्यांत वाईट.

ऋतू पाहिले तर जूनच्या पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले किडे एखाद-दोन संध्याकाळी तुटून पडतात. त्यावर एकच इलाज: अर्धा तास आतले दिवे बंद. बाहेरचे नियमाचे दिवे तसेच. ऑक्टोबरमध्ये भात पिकलेल्या भागाजवळ, म्हणजे भिवंडी-कल्याणच्या बाजूला, हिरवे तुडतुडे येतात.

१९. केबिनला मच्छरदाणीची जाळी लावली तरी काहीतरी चावतं.

तिवरांच्या चिखलात वाढणारी चावरी चिलटं असतात, जेमतेम एक ते तीन मिलिमीटरची. नेहमीच्या जाळीतून ती सरळ आत येतात. बारीक विणीची जाळी मिळते, पण हवा अडते आणि मे महिन्यात केबिनची भट्टी होते. त्यामुळे जाळी बारीक केली तर आत पंखा हवाच. दार उघडण्याआधी आतला दिवा बंद करण्याची सवय लावली तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

२०. पावसाळ्यात बोट ओढून ठेवली आहे. शेजारच्या सोसायटीची तक्रार आहे की आमच्या बोटींमुळे डेंग्यू होतो. खरं आहे का?

असू शकतं, म्हणून भांडण्याआधी बोट बघून या. डेंग्यूचा डास साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो, आणि उताणी पडलेली बोट म्हणजे पावसाच्या पाण्याची टाकी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. होडी पालथी घाला. मोठी बोट असेल तर तळाचं बूच काढून ठेवा आणि पिछाडीकडे उतार द्या. ताडपत्रीच्या खोलग्यात पाणी साचू देऊ नका.

सगळ्यांच्या नजरेतून सुटतात ते बाजूला लटकवलेले जुने टायर. टायरमधलं पाणी ओतून काढता येत नाही, म्हणून खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या दिव्यांचा आणि डेंग्यूचा संबंध जोडू नका.

२१. गणपती विसर्जनाला किंवा नारळी पौर्णिमेला बोटीवर निळ्या-हिरव्या पट्ट्या लावतो. चालेल?

नियम सांगतो की दिशादर्शक दिव्यांशी गल्लत होईल किंवा ते नीट दिसणार नाहीत असे इतर दिवे लावू नयेत. हिरवी पट्टी म्हणजे उजवी बाजू, लाल म्हणजे डावी. सजावटीला वॉर्म व्हाइट किंवा अंबरच्या माळा आतल्या बाजूने लावा. फोटोही बरे येतात. निळा रंग दिशादर्शकाशी गल्लत करत नाही, पण किड्यांचं आमंत्रण तोच. विसर्जनाच्या रात्री पाण्यात माणसं असतात, तेव्हा तांडेलाच्या डोळ्यांवर चमक येऊ न देणं सजावटीपेक्षा मोठं.

२२. तलावपाळीला किंवा उपवनला हेच नियम आहेत का?

तळी समुद्राला जोडलेली नाहीत, त्यामुळे कॉलरेग तिथे लागू नाहीत. तिथे ठेकेदार आणि महापालिका सांगतील तसं. काठावरच्या रस्त्याच्या दिव्यांनीच किडे जमलेले असतात, तुमचा बोटीवरचा छोटा अंबर त्यात भर घालत नाही.

२३. फ्लेमिंगोंच्या भागात रात्री दिवा लावून गेलं तर?

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे. अभयारण्यात शिरायला वन विभागाची परवानगी लागते. ऐरोलीच्या केंद्रातून निघणाऱ्या फेऱ्या दिवसा, भरतीच्या वेळा पाहून असतात. तुमची नेहमीची वाट हद्दीजवळून जात असेल तर झोताचे दिवे चिखलाकडे आणि तिवरांकडे फिरवू नका. रात्री चरणारा थवा झोताने बिथरून उठतो. दिशादर्शक दिवे मात्र पक्ष्यांच्या नावाखाली बंद करायचे नाहीत.

२४. सगळं केलं, तरी माझा दिवा आता पूर्वीसारखा लांबून दिसत नाही असं बाकीचे म्हणतात.

काच पाहा. मेलेले किडे, मीठ आणि कोळ्याचं जाळं यांचा थर बसला की दिवा मंदावतो, आणि कोळी तर किडे मिळतात म्हणून दिव्यावरच संसार थाटतो. गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा. पेट्रोल किंवा थिनरने पुसलं तर प्लास्टिकच्या काचेला बारीक भेगा पडून ती कायमची धुरकट होते. तरीही दिवा मंदच असेल तर इंजिन बंद ठेवून दिव्याच्या टोकावरच व्होल्टेज मोजा, बॅटरीवर १२.५ आणि दिव्यावर ११ येत असेल तर दोष तारेत किंवा जोडात आहे, प्रश्न १६ पाहा.